पावाचे आकार आणि किण्वनक्रिया : गोव्यातील पोदेर परंपरेच्या आधारे एक विवेचन

मराठीतील ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. पायांनी तुडवलेल्या पिठाचा म्हणून तो पाव, अशी समजूत मात्र महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित होती. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा वसई व गोवा परिसरात सांगितल्या जातात. त्यामुळे अनेक हिंदू कुटुंबांत पाव घरी करणे दूरच, तो खाणेही निषिद्ध मानले जाई. घरगुती पाककलेत पावाला स्थान न मिळण्याचे हे एक कारण होय. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे : आपल्या स्वयंपाकघरात चूल होती, भट्टी नव्हती.

१५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि तेथे पाव भाजण्याचा व्यवसाय रुजला. पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली जाऊ लागली. माडीत यीस्ट ही एकपेशीय बुरशी नैसर्गिकरीत्या वाढते. ती पिठातील शर्करेचे विघटन करून कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल निर्माण करते. माडीत यीस्टबरोबर आम्ल तयार करणारे जीवाणूही असल्याने त्या पावास किंचित आंबूस चव येते. हा वायू धरून ठेवण्याचे काम गव्हातील ग्लुटेन करते. ज्वारीत ग्लुटेन नसते. म्हणून भाकरी वाफेने फुगते, पण ज्वारीच्या पिठाचा असा पाव होत नाही.

पीठ तेच असले तरी आकार बदलताच पाव बदलतो, ही बाब पोदेराच्या टोपलीत स्पष्ट दिसते. ‘उंडो’ गोल, मध्ये चीर दिलेला व कडक कवचाचा असतो. ती चीर वाफ व वायूला वाट देते, अन्यथा कवच कोठेही फुटते. ‘कातरो’ नावाप्रमाणे कातरीने कापून फुलपाखरासारखा केला जातो. कडा वाढल्याने त्याचा कुरकुरीत भागही वाढतो. ‘पोई’ चपटी असून कोंड्यात घोळवलेली असते. तीव्र आचेत दोन्ही पृष्ठभाग लवकर घट्ट होतात, आतील वाफ त्यांना अलग करते आणि फुलक्यासारखी पोकळी तयार होते. ‘कांकण’ तर बांगडीच. मधल्या छिद्रामुळे उष्णता आतूनही लागते, जाड गाभा उरत नाही आणि ते पूर्ण वाळून अनेक दिवस टिकते. याउलट लादी पावाचे गोळे एकमेकांस चिकटून भाजले जातात. चिकटलेल्या बाजूंना कवच धरत नाही, त्या पांढऱ्या व मऊ राहतात. वडा वा भाजीसाठी हा मऊपणाच हवा असतो.

घरी हे आकार करण्यासाठी ५०० ग्रॅम मैदा, सुमारे ३०० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ व ५ ग्रॅम सुके यीस्ट पुरेसे होते. पाणी बोटाला चटका देणारे नसावे. ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास यीस्ट मरते. पीठ ताणल्यावर न तुटता पातळ पडद्यासारखे होईपर्यंत मळावे आणि दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे. त्यानंतर सुमारे ५० ग्रॅमचे गोळे करून आकार द्यावेत. पुन्हा फुगू देणे अपरिहार्य आहे, कारण आकार देताना बराच वायू निघून जातो. घाई येथेच नडते. २०० अंशांवर १५ ते २० मिनिटांत पाव भाजून होतात. कांकणे मात्र नंतर मंद आचेवर वाळवावी लागतात.

माडांवर चढणारे रेंदेर कमी होत गेले, सूर दुर्मीळ झाली आणि बहुतेक पोदेर कारखान्यात तयार झालेल्या यीस्टकडे वळले. त्यामुळे आकार टिकले, पण चव पालटली. कोल्हापूरसारख्या घाटमाथ्यावरील ठिकाणी सूर मिळणे कठीणच. तेथे यीस्टचे प्रमाण घटवून पीठ रात्रभर शीतकपाटात ठेवल्यास किण्वन मंदावते, स्वाददायी द्रव्ये व थोडी आम्ले तयार होण्यास अवधी मिळतो आणि पावाला जुन्या आंबूसपणाची छटा येते.