सोनाराचा कीस आणि न दिसणारी धूळ

सोनाराला दागिना घडवताना तुम्ही पाहिले असेलच. कानस चालवताना तो खाली ताट ठेवतो आणि पडलेला कीस जपून गोळा करतो. दुकानाचा केरसुद्धा तो फेकत नाही. झारेकरी तो केर विकत घेऊन पाण्यात धुतात. शुद्ध सोन्याची घनता दर घनसेंटिमीटरला 19.3 ग्रॅम, तर मातीच्या कणांची सुमारे 2.6 ग्रॅम. म्हणून माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोने तळाशी राहते.

पण ताटात न पडणाऱ्या धुळीचे काय?

हवेतून पडणाऱ्या कणाला गुरुत्वाकर्षण खाली ओढते, तर हवेची श्यानता विरोध करते. थोड्याच वेळात दोन्ही बलांचा समतोल होतो आणि कण स्थिर वेगाने पडू लागतो. सूक्ष्म कणांचा हा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेल्या नियमावरून निघते. व्यास दहावा हिस्सा झाला, तर वेग शंभरावा हिस्सा होतो! केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते. गारगोटीच्या धुळीचा 10 मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला सुमारे दोन मिनिटे घेतो. 1 मायक्रॉनचा कण जवळजवळ तीन तास!

मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. सुमारे 5 मायक्रॉनहून लहान कण मात्र फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणजे जी धूळ सर्वांत उशिरा खाली बसते, तीच शरीरात सर्वांत खोल जाते.

गुजरातमधील खंबायत येथे अकीकाचे मणी व खडे घडवण्याचा जुना धंदा आहे. अकीक म्हणजे सिलिकाच. अनेक कुटुंबे घरातच खडे घासत आली. त्या धुळीने कारागिरांना ‘सिलिकोसिस’ हा फुफ्फुसाचा रोग जडला. या रोगाने गेलेली फुफ्फुसाची शक्ती औषधाने परत येत नाही.

मग घरी मणी किंवा दागिने करणाऱ्याने काय करावे? धूळ उडाल्यावर तिच्यामागे धावण्यापेक्षा ती जन्मते तेथेच पकडावी. धातूच्या किसासाठी काठ असलेले ताट पुरते. खडा मात्र पाण्याखाली किंवा पाण्याची धार सोडून घासावा. भिजलेली धूळ हवेत उडत नाही. मात्र तो चिखल वाळण्यापूर्वीच पुसून घ्यावा. कोरडा केरसुणीचा हात फिरवू नये, तोंडाने फुंकर मारू नये. नाकावरच्या साध्या रुमालावर विसंबू नये. बारीक कण त्यातून सहज आत जातात. स्वयंपाकाची व झोपण्याची जागा या कामापासून वेगळी असावी.

एक प्रयोग करून पाहा. खोलीत अंधार करून उन्हाचा एकच कवडसा आत येऊ द्या. जमीन आधी कोरडी झाडा आणि कवडशाकडे पाहा. कण दिसेनासे व्हायला किती वेळ लागला, ते घड्याळात मोजा. दुसऱ्या दिवशी तीच जमीन ओल्या फडक्याने पुसा. दोन्ही वेळी काय दिसले, ते वहीत लिहा आणि फरकाचे कारण स्टोक्सच्या नियमाच्या आधारे शोधा.