प्रत, पाठभेद आणि फेरफाराचा क्रम

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या अन्वये, लोणार तालुक्यातील बीबी येथील एखाद्या शेताचा फेरफार प्रमाणित झाला म्हणजे तो गाव नमुना ७ मध्ये उमटतो. असे अभिलेख संगणकसमूहावर ठेवावयाचे झाल्यास त्यांच्या अनेक प्रती राखाव्या लागतात. पोथ्यांच्या अभ्यासकास प्रत म्हटली की पाठभेद अपेक्षितच असतो. येथे मात्र तो दोष होय. म्हणून लेखन केवळ प्रधान प्रतीत होते आणि तेथील बदल अनुगामी प्रती त्याच क्रमाने उतरवून घेतात. नवी प्रत यंत्रणा आपोआप उभारते : प्रथम आधारप्रत, मग त्या क्षणापासूनचे सर्व बदल.

अडचण विलंबाची आहे. अनुगामी प्रत मागे राहिली, तर पीककर्जासाठी उतारा काढणाऱ्यास जुन्याच खातेदाराचे नाव दिसेल. प्रधान यंत्र नेमके तेव्हाच बंद पडले, तर प्रमाणित फेरफारही लुप्त व्हावयाचा. यास्तव निदान एका अनुगामी प्रतीची पोच आल्यावाचून नोंद पूर्ण मानू नये. वेग घटतो खरा. जमिनीच्या बाबतीत तो खुशाल घटावा. पुढे नवे प्रधान यंत्र निवडताना ३ पैकी २ यंत्रांची संमती लागते. कारण संपर्क तुटलेले जुने यंत्र अद्याप स्वतःस प्रधानच समजत असते.