दोन झाडांच्या साली

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला कोयनेल हे औषधाच्या नावापेक्षा एका चवीचे नाव म्हणून अधिक परिचित होते. इंग्रजी अमदानीत टपालकचेरीच्या खिडकीवर तिकिटांबरोबर कोयनेलच्या पुड्याही विकल्या जात. हुडहुडी भरून ताप चढला, म्हणजे पुडी जिभेवर रिकामी करावयाची आणि तोंड वाकडे करीत वर पाणी प्यावयाचे, एवढाच हिवतापावरचा इलाज. ही कडू भुकटी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारावर वाढणाऱ्या सिंकोना वृक्षाच्या सालीतून येते, आणि १८२० साली पेलेतिए व कावांतू या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी तिच्यातील गुणकारी द्रव्य वेगळे काढले, हा तपशील खिडकीपाशी तापाने कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला तो आठवण्याचे निमित्त असे, की हिवतापावरची जी लस आज पुण्यात तयार होऊन आफ्रिकेस रवाना होत आहे, तिच्यातही त्याच खंडातील दुसऱ्या एका झाडाची साल पडली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ या एका वर्षात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतील ९५ टक्के आफ्रिकेत, आणि आफ्रिकेतील मृतांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पाच वर्षांखालील बालके. रोगाचे गुपित उघडे होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरचा हा आकडा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत, हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावणाऱ्या दर डासामागे एक आणा मोजून, रोनाल्ड रॉस याने डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीच्या काळ्या कणांनी युक्त गाठी पाहिल्या, आणि शत्रूचा ठावठिकाणा कळला. तेव्हापासून माणसाने डबकी बुजविली, मच्छरदाण्या औषधात बुडविल्या, घरांच्या भिंतींवर डीडीटी मारले. आपल्या देशात १९४७ साली हिवतापाचे रुग्ण साडेसात कोटी आणि मृत्यू आठ लाख असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखावर आली. तोवर नियंत्रणाच्या मोहिमेचे नाव 'निर्मूलन' असे बदललेही होते; आणि नंतर १९७६ साली तीच संख्या ६४ लाखांवर गेली. सरकारी दप्तरात योजनेचे नाव बदलणे सोपे असते. डासाला त्या फर्मानाची प्रत कोण देणार?

देवी, पोलिओ, गोवर यांवर लशी झाल्या, मग हिवतापावरच इतका विलंब का, याचे उत्तर शत्रूच्या स्वभावात आहे. देवीचा वा गोवराचा विषाणू हा तसा अल्पसाहित्य जीव; हिवतापाचा परोपजीवी हजारो जनुके बाळगणारा बहुरूपी आहे. डास चावतो तेव्हा सुईसारखी लांबट अशी त्याची काही मोजकीच रूपे त्वचेत शिरतात आणि थोड्याच वेळात, कित्येकदा अर्ध्या तासातच, यकृतात जाऊन दडतात. तेथे आठवडाभर वाढून एकेका पेशीतून हजारोंच्या संख्येने रक्तात उतरतात, ते वेगळेच वस्त्र पांघरून. लशीला उपलब्ध असलेला मुख्य अवधी म्हणजे डासाची सोंड आणि यकृत यांमधला तो अर्धा तास. तेवढ्या वेळात शत्रूला गाठावयाचे, तर रक्तात पहारेकऱ्यांची, म्हणजे प्रतिपिंडांची, संख्या फार मोठी असावी लागते. ही वाट अडविता येते हे १९६७ साली न्यू यॉर्कमध्ये रूथ नुसेनझ्वाइग यांनी, किरणोत्साराने निर्बळ केलेले परोपजीवी उंदरांना टोचून, दाखविले. पुढे त्या सुईसारख्या रूपावरचे मुख्य प्रथिन सापडले, आणि १९८७ साली त्याचा एक तुकडा कावीळ 'ब'च्या विषाणूच्या प्रथिनाला जोडून 'आरटीएस,एस' ही लस घडविण्यात आली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली ती ६ ऑक्टोबर २०२१ रोजी; चौतीस वर्षांनी! मोठ्या चाचणीत चार मात्रा घेतलेल्या बालकांमध्ये चार वर्षांच्या अवधीत तापाचे प्रसंग ३६ टक्क्यांनी घटले होते. परीक्षेत हे गुण उत्तीर्ण होण्यापुरतेच. पण जेथे रोजच मुले मरतात तेथे ते थोडे नव्हेत.

ऑक्सफर्डमधील एड्रियन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांची 'आर २१' ही लस हिची धाकटी बहीण. थोरलीत कावीळ 'ब'च्या सुट्या प्रथिनाचा भरणा अधिक होता. धाकटीत प्रत्येक रेणूला हिवतापाच्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला आहे, त्यामुळे लहान मात्रेत काम भागते. आणि लशीला जोर यावा म्हणून तिच्यात जे सहायक द्रव्य मिसळतात, ते चिली देशातील किलाया या झाडाच्या सालीपासून काढतात. ही साल पाण्यात चोळली की आपल्या रिठ्यासारखा फेस येतो, आणि तेथील लोक तिने पूर्वापार कपडे धूत आले आहेत. बुर्किना फासोतील नानोरो येथे ४५० बालकांवर आणि नंतर चार देशांतील सुमारे ४,८०० बालकांवर चाचण्या झाल्या. मोठ्या चाचणीत, पावसाळ्याआधी लस टोचलेल्या ठिकाणी पहिल्या वर्षी ७५ टक्के आणि इतरत्र ६८ टक्के संरक्षण आढळले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी हिचीही शिफारस झाली.

'आर २१' तयार करणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा या कथेतील प्रवेश घोड्यांवरून झाला आहे. पूनावाला घराण्याच्या अश्वशाळेतील वयस्क घोडे रक्तद्रवासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यावरून सायरस पूनावालांना स्वतःचाच कारखाना काढण्याची कल्पना सुचली आणि १९६६ साली धनुर्वाताच्या प्रतिविषापासून आरंभ झाला. ज्या हाफकिन यांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांनी रॉसच्या शोधाच्याच वर्षी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती; पुढे पंजाबातील मलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली, ठपका हाफकिनांवर आला, आणि त्यांच्या बाजूने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लेखणी उचलणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होते. हे धागे इतिहासाने मुद्दाम विणले, असे मी म्हणणार नाही. पण लस ही केवळ बुद्धीतून निघत नाही, घोडे, बाटल्या, बुचे आणि अपकीर्ती सोसण्याची तयारी यांतूनही निघते, एवढे त्यांवरून दिसते.

माझ्या मते 'आर २१'चे खरे नावीन्य तिच्या किमतीत आणि संख्येत आहे. वर्षाला दहा कोटी मात्रांची क्षमता आणि मात्रेमागे दोन ते चार डॉलर, हे आकडे टक्केवारीइतकेच मोलाचे आहेत. मे २०२४ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकासाठी ४३,२०० मात्रा गेल्या. जुलैत आयव्हरी कोस्टने ही लस नित्याच्या लसीकरणात प्रथम आणली.

सालीची चिंता मात्र राहतेच. १९४२ साली जपानने जावा घेतले तेव्हा तेथील सिंकोनाच्या बागा हातच्या गेल्या आणि दोस्त राष्ट्रांच्या फौजा कोयनेलला मोताद झाल्या. एका झाडावर भिस्त ठेवण्याची ती शिक्षा होती. किलायाच्या सालीतील, थोरल्या लशीत वापरले जाणारे द्रव्य २०२४ साली बर्कलीच्या संशोधकांनी यीस्टच्या पेशीत, झाडाला हात न लावता, बनवून दाखविले. अद्याप ते अत्यल्प प्रमाणात मिळते.

त्याहून अवघड प्रश्न चौथ्या मात्रेचा आहे. तीन मात्रा महिन्या-महिन्याच्या अंतराने, आणि चौथी वर्षाने, कारण प्रतिपिंडांचा पहारा ओसरत जातो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस लागून असलेल्या साहेलच्या प्रदेशात ती पावसाच्या तोंडावर टोचावयाची, म्हणजे नेमकी पेरणीच्या घाईत. मृगाचे दिवस ज्याने शेतकऱ्याच्या घरात काढले आहेत, त्याला ती वेळ निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही: बियाणे ओट्यावर आलेले असते, आभाळ दाटलेले असते, आणि वर्षभर न फणफणलेल्या, अंगणात धडधाकट खेळणाऱ्या पोराला कडेवर घेऊन, केवळ पत्रिकेवर तारीख लिहिली आहे म्हणून, त्याच्या आईला आरोग्यकेंद्रापर्यंत चालत जावयाचे असते.