बहिणीवरचा आळ आणि भावाची पडताळणी

बँकेत, महापालिकेत किंवा आयटी कंपनीत निवड झाली की चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात येतो. ज्या घरात कधीकाळी कुणावर दुकानातली वस्तू उचलल्याचा आळ आलेला असतो, त्या घराची झोप हा फॉर्म उडवतो. थोरल्या बहिणीला कॉलेजात असताना मॉलच्या दारात अडवलं होतं, पोलीस आले होते. आता धाकट्याची नोकरी त्यापायी जाईल का? हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण बहिणीकडे बघण्याची नजर मात्र बदलते. म्हणून त्याचं उत्तर आधीच देतो: बहिणीची नोंद भावाच्या नावावर चढत नाही.

फौजदारी नोंद व्यक्तीची असते, कुटुंबाची नसते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात आईवडील, भावंडं आणि जोडीदाराची माहिती विचारतात ती नाव, व्यवसाय, पत्ता, राष्ट्रीयत्व अशा स्वरूपाची. अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा झाली का, हे प्रश्न उमेदवाराला स्वतःबद्दल असतात. महाराष्ट्र पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य प्रमाणपत्रही अर्जदाराची नोंद तपासूनच दिलं जातं.

खरा धोका वेगळाच आहे, आणि तो आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. सख्ख्या भावंडांचं वडिलांचं नाव, आडनाव आणि बऱ्याचदा पत्ताही एकच असतो. खासगी पडताळणी संस्थेला पोलिसांची अंतर्गत नोंद उघडून बघता येत नाही. ती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं खटले शोधते. तिथे आद्याक्षर सारखं निघालं किंवा नाव अर्धवट टाकलेलं असलं, की भावाच्या अहवालात बहिणीचा खटला येऊन बसू शकतो. असं झालं तर घाबरून गप्प बसू नये. अहवालाची प्रत मागावी, खटल्यातल्या आरोपीचं पूर्ण नाव आणि वय दाखवावं, स्वतःचा जन्मदाखला जोडावा आणि लेखी दुरुस्ती मागावी.

आता त्या बहिणीकडे वळू, कारण नोकरी तिलाही हवी आहे. तिच्यावर काय परिणाम होईल हे प्रकरण कुठल्या पायरीवर थांबलं यावर ठरतं. दुकानाच्या सुरक्षा कक्षात माफीनामा लिहून घेतला, पैसे भरून घेतले आणि सोडून दिलं, तर पोलिसांकडे काहीच नसतं. तो कागद दुकानाचा. अर्थात, न केलेल्या चोरीची कबुली दडपणाखाली लिहून देऊ नये. कायदा दुकानाच्या रक्षकासारख्या खासगी माणसाला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरच आरोपीला धरण्याचा अधिकार देतो, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवण्याचं बंधन घालतो.

पोलीस आले असतील तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली की एफ.आय.आर., हे शोधायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 नुसार वस्तू 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपीला आधी शिक्षा झालेली नसेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. असा गुन्हा अदखलपात्र असल्यानं दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. 1 जुलै 2024 आधीच्या घटनांना जुन्या दंड संहितेची कलमं लागतात, 379 किंवा 380. इमारतीत ठेवलेल्या मालाच्या चोरीचं 380 (आताचं 305) लावलं असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते, म्हणून कागदावर कुठलं कलम आहे ते आधी वाचावं.

एफ.आय.आर. म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करतात तेव्हा न्यायालयाकडे अ, ब किंवा क समरी पाठवतात. 'ब' म्हणजे तक्रारच खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली. दोषारोपपत्र गेलं तरी कलम 379 चा गुन्हा वस्तूच्या मालकाशी तडजोड करून मिटवता येत असे, आणि अशी तडजोड कायद्याच्या दृष्टीनं निर्दोष मुक्तताच असते. दोष सिद्ध झाला तरी न्यायालय 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडू शकतं. त्याच कायद्याचं कलम 12 म्हणतं की अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही.

घटनेच्या वेळी ती अठराच्या आतली असेल, तर बाल न्याय कायदा 2015 तिच्या बाजूनं आणखी ठाम उभा राहतो. निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी द्यायलाच कलम 74 पोलिसांना मनाई करतं. हे फार थोड्या पालकांना माहीत असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोकरी जाते ती पुष्कळदा आळामुळे नव्हे, लपवाछपवीमुळे. अवतार सिंग खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याची चौकट आखून दिली. उमेदवारानं दिलेली माहिती खरी असली पाहिजे; पण फॉर्ममधला प्रश्नही नेमका हवा, जे स्पष्ट विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. किरकोळ गुन्हा दडवला गेला असेल तर नोकरी देणारा त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. मात्र खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, अशी सक्ती त्याच्यावर नाही, आणि चोरीकडे सरकारी खाती नैतिक अधःपतन म्हणून कडक नजरेनं बघतात. म्हणून प्रश्न शब्द न शब्द वाचावा. 'शिक्षा झाली आहे का' असं विचारलं असेल आणि झाली नसेल, तर 'नाही' हे खरं उत्तर. 'कधी अटक किंवा खटला' असं विचारलं असेल, तर 'होय' लिहून निकालाची प्रत जोडावी. 2011 च्या संदीप कुमार प्रकरणात न्यायालयानं तरुणपणीच्या चुकांना आयुष्यभराचा डाग मानू नये असं म्हटलं होतं, आणि फ्रेंच कादंबरीतल्या, पाव चोरणाऱ्या जाँ वालजाँची आठवण करून दिली होती.

प्रकरण मिटलं असूनही पोलिसांच्या संगणकात कधी कधी ते 'प्रलंबित' असंच राहतं. न्यायालयातून निकालाची किंवा समरी मंजुरीची प्रमाणित प्रत काढावी, संबंधित पोलीस ठाण्यात अर्ज देऊन नोंद अद्ययावत करून घ्यावी आणि पोच घ्यावी. नोकरीचा फॉर्म येण्याची वाट बघू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा 15100 वर फोन करावा; तिथे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.