मुक्तस्रोत प्रकल्पांच्या ई-मेल अभिलेखांतील खंडित संदेश : कारणे आणि दुरुस्ती

प्रस्तावना

मुक्तस्रोत संगणकप्रणालींचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला सभावृत्तांत, ठरावांच्या नस्त्या किंवा कार्यालयीन टिपणे सहसा मिळत नाहीत. अशा प्रकल्पांत काम करणारी माणसे निरनिराळ्या देशांत राहतात. त्यांचा विचारविनिमय प्रामुख्याने मेलिंग लिस्टवर, म्हणजे एका सामाईक पत्त्यावरून सर्व सभासदांना पोहोचणाऱ्या ई-मेलद्वारे, होत आला आहे. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत तर निर्णय मेलिंग लिस्टवर नोंदले गेले पाहिजेत असा दंडकच आहे. एखादी सुविधा का स्वीकारली आणि दुसरी का नाकारली, याचे उत्तर आज्ञावलीच्या मजकुरात नसते; ते या पत्रव्यवहारात असते. त्यामुळे या पत्रव्यवहाराचे जतन केलेले अभिलेख हे अभ्यासकाचे प्राथमिक साधन ठरते.

या साधनात एक विचित्र दोष आढळतो. एखादा संदेश वाचता वाचता मध्येच, कित्येकदा परिच्छेदाच्या ऐन मध्यावर, संपतो. तो तुटला आहे अशी कोणतीही खूण तेथे नसते. लेखकाने इतकेच लिहिले होते, अशी वाचकाची समजूत होते. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत प्रथम पूर्वपक्ष मांडून नंतर त्याचे खंडन करण्याची रीत आहे. तांत्रिक वादातही अनेकजण तसेच लिहितात. असा संदेश मध्येच तुटला तर खंडन नाहीसे होते आणि ज्या मताचे खंडन करायचे होते तेच लेखकाच्या नावावर जमा होते. म्हणून हा दोष केवळ तांत्रिक गैरसोय मानून सोडून देता येत नाही.

दोषाचे मूळ

ई-मेल साठवण्याची ‘एमबॉक्स’ ही पद्धत युनिक्सच्या आरंभीच्या काळापासून चालत आली आहे. तिच्यात सर्व पत्रे एकाच मजकूर-फाइलमध्ये एकामागून एक लिहिली जातात. एक पत्र संपून दुसरे सुरू झाले हे ओळखण्याचे साधन म्हणजे एक विशिष्ट ओळ. ही ओळ इंग्रजीतील ‘फ्रॉम’ या चार अक्षरी शब्दाने सुरू होते. त्यातील पहिले अक्षर मोठ्या लिपीतील असते, शब्दानंतर एक रिकामी जागा सोडलेली असते आणि पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता व दिनांक असतो. पत्राच्या शीर्षभागातही ‘फ्रॉम’ हा शब्द येतो. परंतु तेथे त्याच्यापुढे विसर्गासारखे अपूर्णविराम चिन्ह असते. दोहोंत फरक आहे तो एवढाच.

आता पत्रलेखकाने स्वतःच्या मजकुरात एखादा परिच्छेद याच शब्दाने सुरू केला तर काय होईल? इंग्रजीत ‘माझ्या दृष्टीने’ किंवा ‘यावरून असे दिसते’ अशा अर्थाची वाक्ये या शब्दाने सहज सुरू होतात. वाचणारी आज्ञावली त्या ओळीपाशी पत्र संपले असे समजते व उरलेला मजकूर नवे पत्र म्हणून दाखल करते. पोथीची नक्कल करणाऱ्याने ‘इति’ म्हणजे अध्यायसमाप्ती एवढेच ध्यानात ठेवावे आणि मजकुरातील प्रत्येक ‘इति’पाशी नवा अध्याय सुरू करावा, तसा हा प्रकार आहे. तुटलेल्या शेपटाला ना विषय असतो, ना दिनांक. म्हणून अनुक्रमणिकेत ते ‘विषय नाही’ अशा नोंदीखाली, मूळ चर्चेपासून दूर कोठेतरी जाऊन पडते.

यावर जुना उपाय असा, की पत्र फाइलमध्ये लिहितानाच अशा ओळीच्या आरंभी गणितातील ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह घालावयाचे. या उपायाने पत्र तुटत नाही, परंतु मजकूर बदलतो. पुढे वाचताना ते चिन्ह मूळ लेखकाचे की आज्ञावलीने घातलेले हे सांगता येत नाही. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांना याची एक गमतीदार खूण परिचित असेल. टेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या मूळ टंकात हे चिन्ह साध्या मजकुरात उलट्या प्रश्नचिन्हासारखे छापले जाते. परिणामी ई-मेलने पाठवलेल्या अनेक शोधनिबंधांत एखादे वाक्य स्पॅनिश पद्धतीच्या उलट्या प्रश्नचिन्हाने सुरू झालेले दिसते. राहुल धेसी यांनी सुचवलेल्या ‘एमबॉक्स-आरडी’ या प्रकारात ज्या ओळींवर आधीच असे चिन्ह आहे त्यांवरही आणखी एक चढवले जाते. वाचताना प्रत्येकी एक उतरवले की मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो. माझ्या मते या कुळातील निर्दोष म्हणावा असा हा एकच प्रकार आहे. तथापि एमबॉक्सचे सर्वमान्य असे प्रमाण विवरणच कधी नव्हते. २००५ मधील आरएफसी ४१५५ या दस्तऐवजातही ते नमूद आहे. लिहिणारी आज्ञावली एक नियम पाळते, वाचणारी दुसरा, आणि पत्र तुटते ते या दोहोंच्या मतभेदामुळे.

देवनागरीतील पत्रे या आपत्तीतून बहुधा सुटतात. मराठी मजकूर अनेकदा ‘बेस-६४’ या संकेतात रूपांतरित होऊन जातो आणि त्या संकेताच्या ओळीत रिकामी जागा येतच नाही.

दुरुस्तीची रीत

येथे एक गोष्ट दिलासा देणारी आहे. वाचकाला दिसणारा संदेश खंडित असला तरी मूळ एमबॉक्स फाइल शाबूत असेल, तर एकही अक्षर हरवलेले नसते. चुकलेली असते ती केवळ विभागणी. ग्नू मेलमन या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी ‘क्लीनआर्क’ नावाचे साधन दिलेले होते. ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीची ते अधिक कडक परीक्षा घेते : पुढे पत्ता आहे काय, दिनांक योग्य रीतीने लिहिला आहे काय? परीक्षेत न टिकणाऱ्या ओळीवर ते चिन्ह घालते. त्यानंतर संपूर्ण अभिलेख नव्याने रचावयाचा.

ही कसोटीही सर्वत्र पुरत नाही. २००५ मध्ये निर्माण झालेल्या गिट या प्रणालीतून सुधारणेचा मसुदा फाइलरूपाने काढला, की त्याची पहिली ओळ ‘फ्रॉम’, मग चाळीस अक्षरांकांचा ठसा आणि मग दिनांक अशी असते. दिनांक नेहमी एकच : सोमवार, १७ सप्टेंबर २००१, मध्यरात्र. फाइलचा प्रकार ओळखता यावा म्हणून तो मुद्दाम स्थिर ठेवलेला आहे. असा मसुदा साध्या मजकुराच्या रूपात पत्राला जोडला, की ती ओळ कडक परीक्षेतूनही पार होते. म्हणजे चर्चा उरते आणि जिच्याविषयी चर्चा झाली ती सुधारणाच पत्रातून गळते. सुदैवाने तो स्थिर दिनांकच तिला पकडून देतो. विभागणी करणाऱ्या आज्ञावलीत एक अपवाद नोंदवला की काम भागते.

मूळ फाइल उरली नसेल, तर मात्र इतरांच्या प्रती शोधाव्या लागतात. मेलिंग लिस्टच्या प्रत्येक सभासदाकडे प्रत गेलेली असते, हा या माध्यमाचा मोठा गुण होय. २०१८ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टचा नवा अभिलेख उभा करताना जुने संदेश अशाच खाजगी संग्रहांतून मिळवण्यात आले. मिळालेली प्रत त्याच पत्राची आहे हे मेसेज-आयडीवरून ठरते. पत्र पाठवतानाच त्यावर उमटणारी ही खूण प्रत्येक पत्राची वेगळी असते. अनेक भागांच्या पत्रात शेवटची सीमारेषा आढळली नाही, तर तेही खंडिततेचे निश्चित लक्षण समजावे. जुन्या प्रतीत अंकित सही असल्यास अधिक सावध राहावे लागते, कारण आज्ञावलीने घातलेल्या एका चिन्हानेही सहीची पडताळणी फसते. याच कारणास्तव २००१ च्या आरएफसी ३१५६ मध्ये अशा ओळी असलेला मजकूर संकेतबद्ध करूनच पाठवावा, अशी आग्रहाची सूचना आहे.

दुरुस्तीमुळे उद्भवणारा प्रश्न

मेलमनच्या दुसऱ्या आवृत्तीत संदेशाचा जालपत्ता त्याच्या अनुक्रमांकावरून ठरत असे. तुटलेली शेपटे आपापल्या पत्रांना जोडली की एकूण संख्या घटते आणि पुढील अनेक संदेशांचे क्रमांक सरकतात. आधी कोणी शोधनिबंधात दिलेला दुवा आता मोडत नाही, तर दुसऱ्याच माणसाच्या पत्राकडे नेतो. मोडका दुवा निदान स्वतःची चूक सांगतो. हा सांगत नाही. त्यामुळे अनेक व्यवस्थापकांपुढे पेच उभा राहतो, की तुटलेले पत्र तसेच ठेवावे की शेकडो संदर्भ बिघडवावेत.

क्रमांकावर विसंबण्याचा धोका २०१६ मध्ये दुसऱ्या वाटेनेही दिसला. जीमेन या मोठ्या संग्रहाचे जालस्थळ त्या वर्षी बंद पडले. गिट प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींत जीमेनचे क्रमांक संदर्भ म्हणून दिलेले होते, ते निराधार झाले. पोस्टग्रेस-एसक्यूएलच्या अभिलेखात पत्ता मेसेज-आयडीवरूनच बनतो. कर्नलच्या नव्या अभिलेखातही तसेच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलमन ३ च्या अभिलेखात त्या आयडीपासून काढलेला ठसा वापरला जातो. या रीतीत पत्राचे गहाळ परिच्छेद परत बसवले तरी पत्ता हलत नाही, कारण तो पत्राच्या स्थानावर नव्हे तर त्याच्या ओळखीवर आधारलेला असतो.

ज्या प्राध्यापकांना असे संदेश उद्धृत करावे लागतात त्यांनी जालपत्त्यासोबत लेखकाचे नाव, दिनांक आणि मेसेज-आयडी टीपेत द्यावा. संदेश संशयास्पदरीत्या आखूड वाटल्यास त्याच महिन्याच्या अनुक्रमणिकेत, आणि अभिलेख नव्याने रचला गेला असेल तर त्या वेळच्या महिन्यातही, ‘विषय नाही’ अशा नोंदी पाहाव्यात. उरलेला भाग पुष्कळदा तेथेच सापडतो.