भाताचे पहारेकरी

गेल्या पावसाळ्यात घरी गेलो, तेव्हा खानापूर तालुक्यातल्या आमच्या शिवारात भाताच्या पानांवर करप्याचे ठिपके दिसले. मध्ये राखी, कडेला तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळते. बाबा म्हणाले, "या बियाण्याला करपा लागत नाही म्हणून सांगितलं होतं. चार वर्षं लागलाही नाही. मग आता काय झालं? तू शास्त्र शिकतोस ना, सांग बघू." तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचून जे उमगले, ते येथे मांडतो.

आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी एकदा भेटलेला रोगजंतू लक्षात ठेवतात. वनस्पतीकडे अशा फिरत्या पेशी नाहीत. तिची प्रत्येक पेशी स्वतःच पहारा करते. पहारेकरी म्हणजे रिसेप्टर नावाची प्रथिने. ती वाडवडिलांकडून जनुकांतून मिळतात.

पहिला पहारा पेशीच्या पृष्ठभागावर असतो. बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते, खेकड्याच्या कवचात असते तेच. त्याचे तुकडे ओळखून पेशी सावध होते. तिला निष्प्रभ करण्यासाठी बुरशी आपली प्रथिने पेशीच्या आत सोडते. त्यांना पकडण्यासाठी दुसरा पहारा आत असतो. तेथे शत्रू ओळखला गेला, की ती पेशी स्वतःच मरते आणि बुरशीची वाट तेथेच अडते.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ डाकोटात एच. एच. फ्लोर यांनी जवस व त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास करून दाखविले, की झाडातील प्रतिकाराच्या एकेका जनुकाला बुरशीतही एकेक जोडीदार जनुक असते. जोडी जुळली तरच शत्रू ओळखला जातो.

भातातील 'पिक-१' हा रिसेप्टर याचे सुंदर उदाहरण आहे. करप्याची बुरशी 'एव्हीआर-पिक' हे प्रथिन सोडते व ते भाताच्या काही प्रथिनांना चिकटते. उत्क्रांतीच्या ओघात तशाच प्रथिनाचा एक तुकडा या रिसेप्टरमध्ये येऊन बसला, जणू गळाला लावलेले आमिष! त्याला चिकटताच शत्रू सापडतो. पण बुरशीही स्वस्थ बसत नाही. एव्हीआर-पिकमधील एखादे अमिनो आम्ल बदलले, तरी ते आमिषाला चकवू शकते. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे आमिषच बदलले, आणि पूर्वी निसटणारी रूपेही रिसेप्टरच्या हाती लागली.

तेव्हा बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे : बियाणे बिघडले नव्हते, बदलली ती बहुधा बुरशी. साऱ्या शिवारात एकच वाण असेल, तर एका पहारेकऱ्याला चकविणाऱ्या बुरशीला सारे शिवार मोकळे होते. चीनच्या युन्नान प्रांतात १९९८ व १९९९ साली करप्याला बळी पडणारा चिकट तांदूळ दुसऱ्या वाणाच्या ओळींमध्ये लावला, तेव्हा त्यावरील करपा एकट्याने लावलेल्या पिकापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी आढळला.

दिवाळीत हे सारे बाबांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुझे आजोबा एका शिवारात चार जातींचं भात लावायचे. आम्हीच त्यांना हसलो." पुढच्या हंगामासाठी त्यांनी शेजाऱ्यांकडे आणखी दोन वाणांचे बी सांगून ठेवले आहे.