वड्याचें तेल वांग्यावर

ज्या घरांत दहा-बारा माणसें एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत राग कोणाचा आणि तो कोणावर निघेल याचा नेम नसतो. वडीलधाऱ्यांनीं एखादी गोष्ट ठरविली आणि ती मनास पटली नाहीं, तरी वडिलांस उलट बोलण्याची सोय नसते. मग स्वयंपाकघरांत भांडीं आपटतात, पोरांच्या पाठींत विनाकारण धपाटे बसतात, आणि बहुधा घरांत नव्यानें आलेल्या सुनेच्या माथीं सगळ्याचें खापर फुटतें. हा मनुष्यस्वभाव ओळखूनच आपल्या पूर्वजांनीं 'वड्याचें तेल वांग्यावर' ही म्हण करून ठेविली असावी. या म्हणीचा एक मोठा प्रयोग २०२४ सालीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर हजारों लोकांनीं मिळून केला. त्या हजारोंत आमच्या घरचाहि एक आवाज होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर रेवदंड्यास, नारळी-पोफळींच्या वाडींत. त्या वर्षीं १ एप्रिलचा सामना पाहण्यास माझा धाकटा पुतण्या मांडव्याच्या बोटीनें मुंबईस गेला, रात्रीं गिरगांवांत मावशीकडे राहिला आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं परतला. घसा असा बसला होता, कीं पाणीहि खुणेनें मागावें लागलें. त्याच्या आईनें ज्येष्ठमधाची कांडी हातावर ठेविली. संध्याकाळीं ओटीवर मीं त्याला विचारलें, "इतका कोणासाठीं ओरडलास?" तो म्हणाला, "कोणासाठीं नाहीं, काका. एकाविरुद्ध."

तो एक म्हणजे हार्दिक पंड्या. ज्यांस या खेळाचें वेड नाहीं अशा वाचकांसाठीं हकीकत थोडक्यांत सांगतों. आयपीएल नांवाचे सामने २००८ सालीं सुरू झाले, तेव्हां आठ संघ लिलावांत विकले गेले. 'मुंबई इंडियन्स' हा संघ रिलायन्स उद्योगसमूहानें सुमारें ११ कोटी १९ लक्ष डॉलर मोजून घेतला. आठांत ही किंमत सर्वांत अधिक होती. २०१३ च्या हंगामाच्या मध्यास रोहित शर्माकडे संघाचें नायकत्व आलें, आणि २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशीं पांच अजिंक्यपदें त्यानें मिळवून दिलीं. पुढें १५ डिसेंबर २०२३ रोजीं संघाच्या चालकांनीं जाहीर केलें, कीं यापुढें नायक हार्दिक पंड्या. हा गृहस्थ २०१५ पासून मुंबईकडूनच खेळून नांवारूपास आला होता. मध्यंतरीं गुजरातच्या संघांत जाऊन २०२२ सालीं त्यानें तो संघ अजिंक्य केला, आणि त्या डिसेंबरच्या आधींच्या महिन्यांत त्याला परत आणण्यांत आलें होतें. कारण काय, तर संघाच्या भविष्याची तयारी.

चालकांच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नव्हतें असें नाहीं. रोहित छत्तिशींत होता, आणि मागील तीन हंगामांत अजिंक्यपद हातीं लागलें नव्हतें. २०२२ सालीं तर संघ तळाशीं होता. नायक बदलणें हा अपराध नव्हे. लोक दुखावले ते बदलामुळें नव्हे, तर तो ज्या तऱ्हेनें झाला तिच्यामुळें. दहा वर्षें ज्यानें घर चालविलें त्याला किल्ल्या खालीं ठेवावयास लावावयाच्या, आणि घरच्यांस ती बातमी शेजाऱ्यांबरोबरच कळावी, हा प्रकार त्यांस सहन झाला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, संघ धन्याचा, पैसा धन्याचा. मग इतरांनीं रुसावयाचें कारण काय? या प्रश्नाचें उत्तर एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास सहज सुचावें. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें मिळकतीचे भेद सांगितले आहेत. बापानें स्वतःच्या श्रमानें मिळविलेलें तें स्वार्जित. त्याच्या विनियोगांत त्याची मुखत्यारी मोठी. परंतु जें वाडवडिलांकडून आलें त्यांत मुलाचें स्वत्व जन्मतःच असतें. कर्त्यानें त्याची व्यवस्था पाहावी, पण तें केवळ आपलें असें मानूं नये. आतां पाहा : खेळाडूंचे करार, प्रशिक्षक, गणवेश, हें सारें धन्याचें स्वार्जित खरें. परंतु संघाच्या नांवांतील 'मुंबई' हा शब्द लिलावांत निर्माण झाला नाहीं. तो विजय मर्चंटांपासून वाडेकर, गावसकर, तेंडुलकरांपर्यंत पिढ्यांनीं कमावला. रणजी करंडकाचे मुंबईचे सामने खेळणारा संघ निराळा. पण त्यानें १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीनें पंधरा वेळां तो करंडक जिंकला, आणि २०२४ च्या मार्चांत याच वानखेडेवर विदर्भास हरवून बेचाळिसाव्यांदा जिंकला, तेव्हां कोठें त्या नांवास हें मोल आलें. तें नांव वडिलोपार्जित आहे. त्यावर गिरगांवच्या चाळींतल्या पोराचा वांटा आहे, आणि रेवदंड्याच्या वाडींत नभोवाणीला कान लावून बाळ ज. पंडितांचें मराठी समालोचन ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांचाहि आहे. कायद्यानें नसेल, पण आहे.

तेव्हां राग खरा होता. प्रश्न एवढाच, कीं तो गेला कोठें? मालक उंच सज्जांत. तेथवर आवाज पोंचत नाहीं. मैदानावर हातीं सांपडला तो हार्दिक. १ एप्रिलच्या सामन्यांत नाणेफेकीस तो पुढें आला, तेव्हां प्रेक्षकांनीं त्याची अशी हुर्यो उडविली, कीं संजय मांजरेकरांस तेथल्या तेथें लोकांस नीट वागण्यास सांगावें लागलें. ज्याच्यासाठीं हें सारें चाललें होतें, त्या रोहितनेंहि हातानें खूण करून लोकांस गप्प राहावयास सांगितलें. पुढें ११ तारखेस बंगळूरचा विराट कोहली पाहुणा म्हणून आला, त्यालाहि तेंच करावें लागलें. ज्यांस अन्याय झाला असें लोकांस वाटत होतें, त्यांस हा न्याय नको होता. संघ त्या हंगामांत चौदांपैकीं चार सामने जिंकून दहावा, म्हणजे अगदीं शेवटचा आला.

हें सारें पुतण्यानें सांगितलें तेव्हां मीं त्याला रागें भरलों नाहीं. भरण्याचा अधिकार मला नव्हता. पुष्कळ वर्षांपूर्वीं ज्या एका शाळेंत मी संस्कृत शिकवीत होतों, तेथील चालकांनीं आमच्या आवडत्या मुख्याध्यापकांस, निवृत्तीस वर्ष उरलें असतां, एका बैठकींत दूर केलें आणि घाटावरून एक नवे गृहस्थ आणिले. आम्हां शिक्षकांस संताप आला. पण चालकांस जाब विचारावयास आमच्यांतील एकहि पुढें झाला नाहीं. नोकरी सर्वांसच प्रिय. आम्ही काय केलें? नवे मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलींत आले कीं आम्ही बोलणें थांबवीत असूं. पहिल्याच स्नेहसंमेलनांत ते भाषणास उभे राहिले, तेव्हां मुलांनीं पाय आपटावयास आरंभ केला. माझ्या एका शब्दानें तीं मुलें गप्प झालीं असतीं. मी तो शब्द उच्चारला नाहीं. त्यांनीं भाषण पुरें केलें, आभार मानले आणि ते खालीं बसले.

दोन वर्षांनीं ते बदली मागून गेले. जाण्याच्या आदल्या दिवशीं माझ्याकडून नेलेला व्याकरणाचा ग्रंथ परत करण्यास ते घरीं आले होते. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "मास्तर, मला येथें कोणीं पाठविलें हें तुम्हां सर्वांस ठाऊक होतें. त्यांना एखादें पत्र तरी लिहावयाचें होतें." मला उत्तर सुचलें नाहीं. आजतागायत सुचलेलें नाहीं.

म्हणून मला वाटतें, कीं धन्याचा राग धन्यापर्यंत नेणें ही शिकण्याची विद्या आहे. आपल्या क्रिकेटच्या इतिहासांत तिचे धडे आहेत. १९३२ सालीं इंग्लंडास गेलेल्या संघाचे नायक पोरबंदरचे महाराज होते. आपला खेळ कितपत आहे हें ओळखून त्यांनीं लॉर्ड्सवरील एकमेव कसोटीचें नायकत्व नागपुरास जन्मलेल्या सी. के. नायडूंच्या हातीं दिलें. चार वर्षांनीं विजयानगरमचे महाराजकुमार संपत्तीच्या व वशिल्याच्या बळावर नायक झाले. तिन्ही कसोट्यांत मिळून त्यांच्या धांवा ३३, आणि लाला अमरनाथांसारखा खेळाडू मात्र शिस्तीच्या नांवाखालीं दौऱ्यांतून घरीं पाठविला गेला. दोघेहि श्रीमंत, एकानें सत्ता सोडून मान मिळविला, दुसऱ्यानें धरून घालविला.

याहून मोठा धडा पालवणकर बंधूंचा. अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेले बाळू पालवणकर हे आपल्या काळचे थोर गोलंदाज. परंतु हिंदु संघाचें अधिकृत नायकत्व त्यांस कधींच मिळालें नाहीं. आपल्याच समाजांतील शिकल्या-सवरल्या मंडळींचा त्यांत हात होता, हें आपण मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. १९२० सालीं पुन्हां तोच अन्याय झाला, तेव्हां विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनीं खेळण्यास नकार दिला आणि त्याचें कारण जाहीरपणें प्रसिद्ध केलें. त्यांचा वाद निवडणाऱ्यांशीं होता, आणि तो त्यांनीं निवडणाऱ्यांशींच केला. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचा नायक झाला, आणि त्या वर्षीं चौरंगी सामने हिंदूंनीं जिंकले. फार काय, वानखेडे मैदान हेंच मुळीं अशा एका भांडणाचें फळ आहे. ब्रेबॉर्न मैदान क्रिकेट क्लबाच्या मालकीचें. तिकिटांच्या वांटणीवरून मुंबईच्या क्रिकेट संघटनेचें त्याच्याशीं बिनसलें, तेव्हां तिनें जवळच स्वतःचें मैदान बांधिलें, आणि १९७५ च्या जानेवारींत तेथें पहिली कसोटी झाली.

परदेशांतहि हें दुखणें आहे. मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉलचा संघ २००५ सालीं अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानें घेतला, आणि खरेदीच्या कर्जाचा बोजा संघावरच पडला. तेथील कित्येक चाहत्यांनीं त्याच वर्षीं आपला निराळा संघ काढिला. २०१० सालीं हजारोंनीं संघाच्या जुन्या नांवाच्या काळांतील हिरवे-सोनेरी गळपट्टे घालून निषेध केला. आणि २ मे २०२१ रोजीं लोक मैदानांत शिरल्यामुळें लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढें ढकलावा लागला. त्या दिवशीं कांहींनीं केलेली मोडतोड निंद्यच. पण रोख मालकावर होता, हें कोणासहि कळत होतें. जर्मनींत तर, कांहीं अपवाद सोडल्यास, क्लबाच्या सभासदांकडे अर्ध्याहून अधिक मतें असलींच पाहिजेत असा नियम आहे. आमच्याकडे असा नियम होईल तेव्हां होवो.

मालकांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. पाणिनीनें 'स्वामिन्' हा शब्द ऐश्वर्याच्या अर्थीं सांगितला आहे; ज्याच्यापाशीं सत्ता तो स्वामी. 'पति' या शब्दाची व्युत्पत्ति मात्र 'पा' म्हणजे रक्षण करणें या धातूपासून देतात. लिलावांत स्वामी होतां येतें. पति होण्यास राखावें लागतें. निर्णय खुशाल कटु असावा, पण तो आधीं घरच्यांस सांगावा, जाणाऱ्याचा सत्कार करावा, आणि येणाऱ्यास एकट्यास पुढें करून आपण मागें राहूं नये. कारण आपल्या निर्णयाचा मार ज्याला बसतो, त्याच्या पाठीशीं उभें राहणें हें धन्याचें पहिलें कर्तव्य होय.

पुढची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकांत १६ धांवा हव्या होत्या. रोहितनें चेंडू हार्दिकच्या हातीं दिला, आणि भारत ७ धांवांनीं जिंकला. ४ जुलै रोजीं विजयी संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून निघून त्याच वानखेडेवर पोंचली, आणि त्याच मैदानानें हार्दिकच्या नांवाचा गजर केला. पुतण्या तेथेंहि गेला होता, आणि पुन्हां घसा बसवून आला. मीं विचारलें, "एप्रिलांतला घसा तो हाच काय रे?" तो प्रथम हंसला, मग जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, तो विश्वचषक जिंकला नसता, तर मी अजून ओरडतच असतों ना?"

हा प्रश्न त्याला स्वतःच पडला, यांत मला सारें मिळालें. त्या रात्रीं मीं त्याला शाळेची ती जुनी गोष्ट प्रथमच सांगितली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें संघाच्या मालकांस दोन पानांचें पत्र लिहिलें. रोहितला ज्या रीतीनें दूर केलें ती आम्हांस आवडली नाहीं, असें त्यांत स्पष्ट होतें. कोणा खेळाडूविषयीं वाईट शब्द नव्हता. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका मीं सुधारून दिल्या, आणि तो रेवदंड्याच्या टपालांत पत्र टाकून आला. उत्तर येवो न येवो. राग त्याच्या खऱ्या पत्त्यावर गेला, एवढें पुरे. माझ्या हातून तें पत्र लिहावयाचें राहून गेलें होतें.